तानसेच्या काठचे कढत पाणी कोणाच्या वहीत?

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागले, विरार फाटा मागे टाकून शिरसाडला उजवीकडे वळले आणि पारोळ ओलांडले की वाहतूक बरी असेल तर तासाभरात वज्रेश्वरी येते. (त्या महामार्गावरची वाहतूक बरी असणे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) तिथे तानसा नदीच्या काठाने, अकलोली आणि गणेशपुरीपर्यंत, जमिनीतून कढत पाणी वर येते. एव्हरशाईन, वसंत नगरी, गोखिवरे, आचोळे या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या लेखी हे पाणी म्हणजे देवदर्शनाला जोडून होणारी आंघोळ. त्यापलीकडे त्याचा विचार कोणी करत नाही, आणि करावा असे कोणत्या सरकारी कार्यालयालाही वाटलेले दिसत नाही. त्या पाण्याचे आजचे तापमान किती, दहा वर्षांपूर्वी किती होते, मिनिटाला किती लिटर येते, भोवतालच्या कूपनलिकांनी ते कमी झाले का, आंघोळीला ते सुरक्षित आहे का, यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर कुंडाच्या काठावरच्या फलकावर वाचायला मिळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हे पाणी सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेची पहिली अट म्हणजे कोणीतरी तिची वही ठेवणे. स्नानगृहे, पर्यटन आराखडे, सुशोभीकरण हे सगळे नंतरचे.

ही वही ठेवल्याने काय होते ते पाहायचे तर जपानच्या शिकोकू बेटावरचे मात्सुयामा शहर पाहावे. एहिमे प्रांताची ही राजधानी. लोकसंख्या पाच लाखांच्या घरात, म्हणजे २०११च्या जनगणनेत बारा लाखांवर गेलेल्या आपल्या वसई-विरारच्या निम्म्याहून कमी. शहराच्या पूर्वेला दोगो नावाची जुनी वस्ती आहे आणि तिथले गरम पाणी जपानमधल्या सर्वांत प्राचीन झऱ्यांपैकी एक मानले जाते. तिथले तीन मजली लाकडी स्नानगृह १८९४ साली उभे राहिले, १९९४ साली त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या वारशाचा दर्जा मिळाला, आणि तरीही ते संग्रहालय झाले नाही. लोक रोज तिथे आंघोळ करतात. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या दुरुस्तीचे काम सुरू झाले आणि जुलै २०२४ मध्ये स्नानगृह पुन्हा पूर्णपणे खुले झाले. या साडेपाच वर्षांत इमारतीचा एक भाग झाकून दुसऱ्या भागात स्नान चालू ठेवायचा खटाटोप शहराने केला. नात्सुमे सोसेकी हा जपानचा मोठा कादंबरीकार १८९५ मध्ये मात्सुयामात शिक्षक होता आणि त्याच्या १९०६च्या ‘बोच्चान’ कादंबरीत हे स्नानगृह येते. त्या पुण्याईवर शहर आजही बरेच काही विकते. पण मला त्या इमारतीपेक्षा तिच्या मालकीत अधिक रस आहे. स्नानगृह नगरपालिकेचे आहे, विहिरी नगरपालिकेच्या देखरेखीखाली आहेत, आणि भोवतालच्या हॉटेलांना गरम पाणी मिळते तेही शहराच्या वितरण केंद्रांतून. अठरा विहिरींचे पाणी, काही जेमतेम वीस अंशांचे तर काही पंचावन्नच्या आसपासचे, एकमेकांत मिसळून बेचाळीस अंशांवर आणले जाते. वेगळे तापवावे लागत नाही की साधे पाणी ओतावे लागत नाही. कोणत्या विहिरीत आज किती तापमानाचे किती पाणी आहे हे रोज ठाऊक असल्याशिवाय असे मिश्रण जमणार नाही.

यावर ताबडतोब येणारा आक्षेप ठरलेला असतो: जपान ज्वालामुखींचा देश, त्यांचे झरे वेगळे, आपली तुलना कशाला? बेप्पू किंवा कागोशिमा या शहरांच्या बाबतीत हा आक्षेप मी मान्य केला असता. कागोशिमा तर धुमसत्या साकुराजिमा ज्वालामुखीसमोर वसलेले प्रांतिक राजधानीचे शहर आहे. पण शिकोकू बेटावर एकही जागृत ज्वालामुखी नाही. दोगोचे पाणी म्हणजे पावसाचे, ग्रॅनाइटच्या भेगांतून खोल उतरलेले, भूगर्भाच्या नेहमीच्या उष्णतेने तापलेले आणि भेगांतूनच परत वर आलेले पाणी. कोकणात नेमके हेच घडते, फक्त वर थर आहेत ते काळ्या बसाल्टचे. पालघर तालुक्यातल्या कोकनेरपासून सातिवली, हालोली, मग अकलोली-गणेशपुरी-वज्रेश्वरी, पुढे पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोली-खेडकडचे उन्हवरे, संगमेश्वरजवळचे आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर, अशी अठराएक ठिकाणे किनाऱ्याला समांतर रांगेत आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी खडकात पडलेल्या लांबलचक भेगांची ती खूण. पाण्याचे तापमान सुमारे पस्तीस अंशांपासून सत्तरपर्यंत. अकलोली-गणेशपुरीचे पन्नासच्या आसपास. म्हणजे निसर्गाने जे द्यायचे ते दोन्हीकडे जवळपास सारखे दिले आहे. फरक पडला तो त्यानंतर. (जाता जाता: एव्हरशाईनच्या माणसाला सातिवली म्हटले की शेजारची औद्योगिक वसाहत आठवते. गरम कुंडांची सातिवली ती नव्हे; ती महामार्गावर पुढे, पालघर तालुक्यात आहे.)

इतिहासाच्या बाबतीतही आपण काही कमी नाही, उलट सरस आहोत. सोपारा ही अपरान्ताची, म्हणजे प्राचीन कोकणाची, राजधानी होती. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला तेव्हा त्यातून बाहेर आलेल्या बुद्धमूर्ती आणि करंडक आजही अभ्यासकांना बोलावतात. वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती, आणि १७३९च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलून किल्ला जिंकल्यावर देवीचे मंदिर उभारले अशी परंपरा आहे. मंदिराची दगडी बांधणीही किल्ल्याचीच आठवण करून देते. नित्यानंद महाराज १९३०च्या दशकात या भागात स्थिरावले, १९६१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी गणेशपुरीत देह ठेवला, आणि कुंडांची डागडुजी त्यांनी करवून घेतली असे तिथले लोक सांगतात. ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरात वज्राबाईच्या, म्हणजे वज्रेश्वरीच्या, गरम झऱ्यांचे वर्णन आहे. म्हणजे दोगोचे स्नानगृह बांधले जाण्याच्या बारा वर्षे आधी आपल्याकडे या झऱ्यांची छापील सरकारी नोंद झाली होती. पुढच्या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कोकणातल्या झऱ्यांचा अभ्यास केला, पाण्याची रासायनिक तपासणी झाली, प्रबंध लिहिले गेले. त्यामुळे माहितीच नाही असे म्हणता येत नाही. माहिती आहे, पण ती अभ्यासकांच्या कपाटात आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात ती नाही, आणि कुंडात पाय सोडून बसणाऱ्याच्या समोर तर नाहीच.

मालकीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. काही कुंडे देवळाच्या आवारात आहेत, काही थेट नदीपात्रात, आणि काही ठिकाणी गरम पाणी नळाने लॉजच्या न्हाणीघरात आणून ताशी भाड्याने दिले जाते. यात कोणी बेकायदा वागतो आहे असे मी म्हणत नाही. कायदाच तसा आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क ही कल्पना आपल्याकडे रुजली. महाराष्ट्राचा २००९चा भूजल अधिनियम ती मर्यादित करू पाहतो, साठ मीटरांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंधांची भाषा करतो, पण त्याची सगळी रचना टंचाईभोवती आहे. तापमानामुळे वेगळे ठरणारे पाणी असा वर्ग त्यात नाही. त्यामुळे कुंडाजवळच्या खासगी जमिनीत कोणी खोल कूपनलिका मारली आणि त्याच भेगेतले पाणी उपसू लागला तर कुंडाच्या बाजूने बोलायला कायद्यात जागा सापडत नाही. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर तीन वर्षांत, १९४८ साली, स्वतंत्र उष्ण झरे कायदा केला. उगमाशी पंचवीस अंश किंवा त्याहून अधिक तापमान असलेले, किंवा ठरावीक एकोणीस घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असलेले पाणी म्हणजे उष्ण झरा. तो खणायचा तर प्रांताच्या राज्यपालाची परवानगी हवी, आणि शेजारच्या झऱ्याला बाधा येत असेल तर ती नाकारता येते. पाण्याच्या तपासणीचा निकाल स्नानाच्या जागी टांगलाच पाहिजे, आणि दर दहा वर्षांनी तपासणी नव्याने करून घेतली पाहिजे. देश बेचिराख झालेला असताना त्यांना हे सुचले, याचे मला जास्त अप्रूप वाटते.

मात्र जपानची आरती ओवाळायचे कारण नाही, कारण तिथे कायदा असूनही लबाडी झालीच. २००४ साली काही नामांकित ठिकाणी रंग येण्यासाठी पाण्यात पूड मिसळली जात होती, काही ठिकाणी तर नळाचेच पाणी तापवून झऱ्याचे म्हणून विकले जात होते, हे उघड झाले आणि देशभर संताप उसळला. त्याआधी २००२ मध्ये मियाझाकी प्रांतातल्या एका नव्या सार्वजनिक स्नानगृहात लेजिओनेला जिवाणूची लागण होऊन सात माणसे दगावली. २००७ मध्ये टोकियोच्या शिबुया भागात गरम पाण्याबरोबर येणाऱ्या मिथेन वायूचा स्फोट होऊन तिघे मेले. अलीकडे, २०२३ मध्ये, फुकुओका प्रांतातल्या एका जुन्या प्रतिष्ठित हॉटेलात कुंडातले सगळे पाणी वर्षातून दोनदाच बदलले जात होते आणि जिवाणूंचे प्रमाण मर्यादेच्या हजारो पटींनी वाढले होते असे निष्पन्न झाले. ही उदाहरणे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाहीत, उलट तेच सांगतात. मर्यादा ठरलेली होती म्हणून ती ओलांडल्याचे कळले. मिथेनच्या स्फोटानंतर वर्षही न उलटता कायद्यात सुधारणा झाली, कारण सुधारायला कायदा होता. आपल्या कुंडांत मर्यादा ओलांडली जाते की नाही हे सांगताच येत नाही, कारण मर्यादाच ठरलेली नाही. गरम पाण्यात जंतू मरतात हा आपला भाबडा समज आहे. उगमाशी पन्नास अंश असलेले पाणी कुंडात येऊन साचते, थंडावते, त्यात शंभर माणसे उतरतात, आणि पस्तीस-चाळीस अंशांचे साचलेले कोमट पाणी म्हणजे लेजिओनेला जिवाणूला हवे तसे घर.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. हे तीर्थ आहे, त्याला थर्मामीटर काय लावता? ज्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे संधिवात आणि त्वचारोग बरे झाले अशी लोकांची धारणा आहे त्याचे पृथक्करण करून तुम्ही काय सिद्ध करणार? दोगोचेही देव आहेत. जखमी बगळा तिथल्या पाण्यात पाय बुडवून बरा झाला ही कथा स्नानगृहाच्या माथ्यावरच्या बगळ्याच्या रूपाने आजही उभी आहे. आजारी देवाला दुसऱ्या देवाने त्या पाण्यात ठेवून बरे केले अशी दंतकथा आहे, शेजारी पाण्याचे स्वतंत्र देऊळ आहे, आणि राजघराण्यासाठी १८९९ साली राखलेले न्हाणे आहे. हे सारे रासायनिक तपासणीच्या तक्त्याबरोबर सुखाने नांदते. मोजल्याने देव रागावतो हा अनुभव आपल्याकडेही नाही: मोठमोठ्या देवस्थानांत दानपेटीतली रक्कम मोजतात, रांगेतली माणसे मोजतात, लाडू मोजतात. पाण्याचे तेवढे वावडे का असावे? आणि औषधी गुणांचे म्हणाल तर ज्याला खरोखर खाज-खरूज आहे त्याने त्याच कुंडात उतरावे की नाही, त्याच्यानंतर मुलाने उतरावे की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न राहत नाही. कुंडात साबण लावू नये, आधी बाहेर अंग धुऊन मग उतरावे, हा दोगोचा पहिला नियम आहे, आणि तो आपल्या सोवळ्याच्या कल्पनेच्या फारसा बाहेरचा नाही. कपडे काढून सामुदायिक स्नान करायची जपानी रीत इथे आणावी असे कोणी म्हणत नाही. पण बाईमाणसाला अंग पुसायला आणि कपडे बदलायला आडोसा असावा, हे म्हणायला जपानला जावे लागत नाही.

खरा अवघड आक्षेप तिसरा, आणि तो एव्हरशाईन सिटीतूनच येईल. ज्या शहरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, ज्या शहरात जुलै २०१८ मध्ये दिवसच्या दिवस पाणी तुंबले, तळमजले बुडाले आणि वीज गेली, त्या शहराला गरम कुंडांचे चोचले कशाला? वसई-विरार महापालिका २००९ साली चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून जन्मली. सूर्या, उसगाव, पेल्हार इथून येणारे पाणी सर्वांना पुरत नाही, एमएमआरडीएच्या सूर्या योजनेचे वाढीव पाणी येता येता वर्षे गेली. या रागात तथ्य आहे. शिवाय वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी महापालिकेच्या हद्दीत नाहीतच. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ती भिवंडी तालुक्याबरोबर ठाण्यात राहिली. तेव्हा महापालिकेने कुंडे चालवावीत हा माझा आग्रह नाही. गावे शहरात ओढण्याचा कडवट अनुभव या भागाला आहे. २९ गावे महापालिकेतून वगळण्याचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. त्यात आणखी तेल ओतायची गरज नाही.

पण या आक्षेपामागे एक गृहीतक आहे, की असली कामे श्रीमंत आणि मोठ्या शहरांनी करायची असतात. दोगोचा इतिहास ते खोडून काढतो. १८९४ साली ते स्नानगृह मात्सुयामा शहराने बांधलेच नाही. दोगो तेव्हा वेगळे, लहानसे गाव होते आणि १९४४ साली ते शहरात विलीन झाले. गावाचा पहिला प्रमुख इसानिवा युकिया याने मोडकळीस आलेले जुने न्हाणीघर पाडून नवे बांधायचे ठरवले तेव्हा खर्चाच्या आकड्याने गावकरी हादरले, कडाडून विरोध झाला. त्याने स्वतः पगार घेतला नाही असे तिथे सांगतात. आधी पोटाचे बघा, मग आंघोळीचे, हा युक्तिवाद त्यालाही ऐकावा लागला असणारच. त्याचे उत्तर भावनिक नव्हते. न्हाणीघर चांगले असेल तर बाहेरून माणसे येतील आणि ती पैसे देतील, आणि ती यावीत म्हणून त्याने पुढच्याच वर्षी रेल्वेचा फाटा आणण्यातही हात घातला. होणारा खर्च आणि येणारे उत्पन्न एकाच गावाच्या वहीत होते म्हणून तो हिशेब जुळला. आपल्याकडे अडचण पैशाच्या कमतरतेपेक्षा या फारकतीची आहे: शहरातून रविवारी येणारा माणूस भाडे, जेवण, नारळ, पार्किंग यांवर खर्च करतो, आणि कुंडाच्या वाट्याला त्यातले काय येते? बहुधा त्याने मागे टाकलेली प्लास्टिकची पिशवी.

जपानमध्ये यासाठी स्नानकर आहे. उष्ण झऱ्यात उतरणाऱ्या प्रत्येकाकडून साधारण १५० येन, आजच्या भावाने ऐंशी-नव्वद रुपये, स्थानिक पालिका घेते, आणि तो पैसा झऱ्याचे रक्षण, स्वच्छता, अग्निशमन आणि पर्यटनाच्या सोयी यांवरच खर्च करायचा असतो. तानसेच्या काठी यातला दहावा हिस्सा घेतला तरी कुंडाच्या काठचा एक पहारेकरी, आडोशाच्या दोन खोल्या आणि तपासणीचा खर्च निघेल. तो कोणी घ्यावा? ग्रामपंचायतीने. भिवंडी, वसई, पालघर या तालुक्यांतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि १९९६च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे दिले आहे. सगळी कुंडे त्या चौकटीत बसतील असे नाही, पण दिशा तीच असावी: गावाचे पाणी, गावाची वही, आणि शहराने त्यात ग्राहक म्हणून यावे, मालक म्हणून नव्हे. तानसेच्या खोऱ्याने शहरांना आधीच पुष्कळ दिले आहे. १८९२ पासून मुंबई तानसा तलावाचे पाणी पिते, आणि तो तलाव ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवण चालते. थंड पाण्याच्या बाबतीत जे झाले ते गरम पाण्याच्या बाबतीत होऊ नये, एवढी खबरदारी कायद्याने घेतली पाहिजे. स्थानिकाला फुकट किंवा नाममात्र, बाहेरच्याला दर, आणि लॉजवाल्याला मीटर.

पर्यटनाचा गाजावाजा झाला की जागेचे मातेरे होते, लोणावळा-माथेरानचे झाले तसे, म्हणून हे झरे दुर्लक्षितच बरे, असेही काही निसर्गप्रेमी म्हणतात. हा आक्षेप मला प्रामाणिक वाटतो पण उशिरा आलेला वाटतो. शिरसाड-अंबाडी रस्त्यावर रिसॉर्ट आणि वॉटर पार्क कधीच आले. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग याच टापूतून आखला आहे. गर्दी यायची ती येणारच. ती येण्याआधी मोजमापाची आधाररेषा असावी की नंतर, एवढाच प्रश्न उरतो. कूपनलिकेने झरा आटला असा दावा उद्या कोणी केला तर आधी तो किती होता हे दाखवायला कागद लागेल, आणि तो कागद मागच्या तारखेने तयार करता येत नाही. दोगोला या बाबतीत निसर्गाने धडा दिला. डिसेंबर १९४६च्या नानकाई भूकंपाने तिथले पाणी अचानक थांबले आणि काही महिन्यांनी परतले. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसले, लोकांनी थंडीत तंबूंत रात्री काढल्या, शास्त्रज्ञांनी भूकंपमापक यंत्रे बसवली. कोकनेर, सातिवली, हालोली या जिल्ह्यातच आहेत. खोल भेगांतून येणाऱ्या पाण्याचे तापमान, क्षार आणि प्रवाह यांची दीर्घ नोंद भूगर्भाच्या अभ्यासकाला उपयोगी पडते हे जगभर मान्य आहे. तिच्यावरून भूकंपाचे भाकीत होते असा दावा मी करणार नाही, कोणी केला तर विश्वास ठेवू नये. पण खडकात काही बदलले का, हे विचारायला आधीचे आकडे तर हवेत.

हे काम कोणत्याही नव्या महामंडळाशिवाय उद्या सुरू होऊ शकते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७०च्या दशकापासून काम करते, आणि गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात. याच यादीत ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली गरम कुंडे घालावीत. पातळीऐवजी तापमान, प्रवाह आणि क्षार मोजावेत, मे आणि ऑक्टोबरच्या फेरीत जिवाणूंची तपासणी जोडावी, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या कचेरीत व कुंडाच्या काठावर मराठीत लावावेत. ठाणे आणि पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून कुंडांभोवती किती अंतरापर्यंत खोल कूपनलिकेला आधी तपासणी लागेल ते ठरवावे. पावसाळ्यात तानसा भरून वाहू लागली की नदीपात्रातली कुंडे पुराच्या पाण्याखाली जातात आणि काही आठवडे मोजण्यासारखे काही राहत नाही. म्हणून पहिली नोंद मे महिन्यातच पडली पाहिजे, नाहीतर ती थेट ऑक्टोबरवर जाईल.